विहिरीतला समुद्र: ईलच्या दोरीची ऑगस्टअखेरची खबर

ईल म्हणजे सापासारखे लांबट मासे. त्यांची कुठली जात समुद्रात किती खोल सापडते याचा तक्ता भिंतीवर काही केल्या बसत नाही, हे रडगाणं मागच्या खेपेला गाऊन झालं. आता ते सुटलंय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या घरामागं ३८ फूट खोल विहीर आहे. तिच्यात दोरी सोडली आणि प्रमाण धरलं: १ फूट म्हणजे १०० मीटर समुद्र. प्रत्येक जातीची वरची आणि खालची हद्द दोरीवर. लांबीचं काम वेगळं. त्या दोऱ्या खऱ्या मापाच्या, सोप्यातल्या भिंतीवर आडव्या.

पहिली दोरी सुती होती, तिथंच फसलो. जूनच्या पहिल्या दोन पावसांत भिजून आखडली. परत मोजली तर जवळजवळ फूटभर कमी. म्हणजे १०० मीटर समुद्र आटला की! पुठ्ठ्याच्या लेबलांचा तर लगदाच झाला. आता नायलॉन आहे, खाली अर्धी वीट बांधलीय, आणि लेबलं आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांची. नायलॉन ताणतं, तेव्हा कुणी करणार असाल तर वजन बांधून, टांगलेल्या दोरीवरच खुणा करा. मी आधी अंगणात पसरून केल्या आणि सगळ्या परत केल्या.

आई दोनदा येऊन विचारून गेली, ‘काय करालास रे विहिरीत?’

पण दोरी लटकल्यावर जे दिसलं ते वहीतल्या आकड्यांत कधी दिसलं नव्हतं. राक्षसी मोरे ईल घ्या. ३ मीटर लांब, तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून पार पिटकेर्न बेटांपर्यंत पसरलेली. आणि खोली? साधारण ५० मीटरपर्यंत. म्हणजे काठापासून सहा इंच. वाळूत शेपूट रोवून डोलणारी ठिपक्यांची गार्डन ईल ७ ते ४५ मीटर, रिबन ईल ६० पर्यंत. सगळ्यांची झाकणं एका वितीत एकमेकांवर चढली. आपल्या बाजारातली वाम १०० मीटर, एक फूट. राक्षसी मोरे म्हणजे अर्धं जग पालथं घालणारा मासा, पण खाली उतरायचं म्हटलं की वीतभर. मोरे आडनावाच्या मित्राला हे सांगितलं तर म्हणतो, ‘आमचं घराणंच तसं. फिरणार लई, खोलात शिरणार नाही.’

त्याखाली झाकणं एकदम विरळ. युरोपातल्या कोंगर ईलची शेवटची खूण पावणेबारा फुटांच्या जवळ, १,१७१ मीटर. गल्पर ईल ५ फुटांपासून ३० फुटांपर्यंत. अंगानं फार तर मीटरभर, त्यातही निम्मी शेपटी, आणि तोंड मात्र पोत्यासारखं. स्नाइप ईलची नोंद ४,००० मीटरपर्यंत आहे, म्हणजे ४० फूट. विहीर दोन फूट कमी पडली.

ऑगस्टात पाणी चढलं आणि कोंगरचं झाकण बरोबर पाण्याला टेकलं. म्हणजे गल्परची बरीच दोरी खरोखरच अंधारात बुडालेली आहे. हे मी ठरवून केलेलं नाही, पण श्रेय घेतो.

दोरी बघताना एक चूक ध्यानात आली. १,१७१ हा आकडा लिहिला की कोंगर तिथंच राहते असं वाटायला लागतं. तसं नाही. ती किनाऱ्याजवळच्या खडकांच्या कपारींत, बुडालेल्या जहाजांत ठाण मांडणारी. लेबल फक्त एवढंच सांगतं, की एवढ्या खोलवरही ती मिळालीय. म्हणून आता दोन रंग केलेत. हिरवा म्हणजे नेहमीचा वावर, लाल म्हणजे टोकाची नोंद. स्नाइप ईलचा हिरवा ३ ते ६ फुटांत संपतो आणि लाल एकटाच पार तळाखाली, अजून जागा न मिळालेला.

लांबीचंही तेच दुखणं. पुस्तकात वाम अडीच मीटर, आणि बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात मी मोजलेली सगळ्यात मोठी साडेचार फूट. गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत २३ वाम मोजल्या (जून-जुलै बोटी बंद, त्यामुळं मोजणीही बंद). पाटीत ती वेटोळी असते, त्यामुळं नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीवरून सुतळी फिरवायची आणि सुतळी टेपवर धरायची. मासळीवाली मावशी आधी हसायची, आता ओरडते, ‘दादा, घेणार हायस का नुसतं मापच काढणार?’ शेजारी उभ्या कन्नड गिऱ्हाइकानं ‘हावमीनु’ (सापमासा) म्हणून तोंड वाकडं केलं, त्यामुळं भाव उतरला आणि मी एक घेतली. कालवण झकास झालं, काट्यांचं काही विचारू नका.

सोप्यातली सगळ्यात लांब दोरी सडसडीत महाकाय मोरेची: ३.९४ मीटर, १९२७ साली क्वीन्सलँडच्या मरूची नदीत मिळालेली. भिंत १२ फुटांची, त्यामुळं शेपटी माजघरात गेलीय. ही खाड्यांच्या चिखलात राहणारी, विहिरीत तिचं झाकण पार काठाला. दोरीला जाडी नसते ही मात्र अडचण आहेच. राक्षसी मोरे ३ मीटर आणि ३० किलो. कोंगरही ३ मीटर, पण ११० किलोपर्यंत. भिंतीवर दोघी जुळ्या दिसतात. कोंगरसाठी जुन्या धोतराची नळी शिवून भुस्सा भरायचा विचार आहे. स्नाइप ईलला बुटाची नाडीसुद्धा जाड होईल. सव्वा मीटरच्या त्या अंगात ७५० च्या आसपास मणके.

तीस मीटरच्या ईलची दोरी का नाही, असं एकानं विचारलं होतं. ती गोष्ट डेनमार्कच्या ‘डाना’ जहाजाची. १९३० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेजवळ त्यांना १.८ मीटर लांबीचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू मिळालं. ईलची पिल्लं असतात बोटाएवढी, मग याची आई केवढी? त्रैराशिक मांडून लोकांनी सागरी अजगर उभा केला. पुढं कळलं, की हे खऱ्या ईलचं नव्हतंच. काटेरी ईल म्हणवणाऱ्या वेगळ्याच गणातलं होतं, आणि त्यांची पिल्लं रूप बदलल्यावर फारशी वाढतच नाहीत. तेव्हा दोरी १.८ चीच, पिल्लांच्या खिळ्याला.

उरली अहीर, आपली नदीतली खरी ईल. (मलप्रभेत मिळणारी काटेरी वांब दिसायला तशीच, पण ती ईल नव्हे.) अहीर वाढते गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला समुद्रात जाते. आमच्या एकाच तालुक्यातून मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. ही कुठल्या वाटेनं कुठल्या समुद्रात उतरते ते मला ठरेना, त्यामुळं हिचं झाकण सध्या दोरीवर नाही, विहिरीच्या कठड्यावर ठेवलंय.

मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचा आहे. दोन फूट खाली गेली तर स्नाइप ईलचं लाल झाकण बसेल. आईला पाण्याचं कारण सांगितलंय.