तडा गेलेलाच द्या

मोरोक्कोत भारतीय दिसला की रस्त्यावरचं कुणीही ‘शाहरुख खान!’ म्हणून हाक मारतं. मराकेशला मजा वाटली, वारझाझातला हसून हात हलवला, तोद्राच्या घळीपर्यंत पोचेतो मी गॉगल चढवून ऐकू न आल्यासारखं करायला शिकले होते. उंट, वाळूच्या टेकड्या, तंबूतली महागडी रात्र हे सगळं नवऱ्याच्या यादीतलं. त्यावर त्याने फेसबुकवर भरपूर लिहिलंय, मी परत लिहीत नाही. माझ्या यादीत एकच गाव होतं, अल्निफ.

कारण ट्रायलोबाइट, म्हणजे त्यांचे जीवाश्म. खेकडे-विंचवांचे हे लांबचे नातेवाईक साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात अवतरले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी साफ संपले. आपल्याकडे बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसाल्टखाली गाडलेला. तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात यांचं नखही सापडायचं नाही. मोरोक्कोच्या या कोपऱ्यात मात्र डेव्होनियन काळातल्या, ३९-४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे थर उघड्यावर पडलेत. वर ना माती, ना झाड.

आधी एर्फूद लागतं. तिथे हाच समुद्र घासूनपुसून बेसिन, टेबल आणि राखदाण्या करून विकतात. काळ्या दगडात पांढरे शंकू असलेलं ते बेसिन मला अजिबात आवडलं नाही. रस्त्याकडेच्या टेबलांवर ट्रायलोबाइटही मांडलेले होते, ओळीने, एकाच मापाचे, एकाच बाजूला शेपटी वळवलेले. सगळे एका साच्यातून निघालेले. रेझिन आणि दगडाची पूड. भिंगातून पाहिलं तर पाठीवर बुडबुड्यांची बारीक भोकं. ४०० दिरहमवरून सुरू झालेला भाव मी न बोलताच ८० वर आला. आमच्या ड्रायव्हरचं तिथे चहापाणी चाललं होतं, म्हणजे दुकान कुणाच्या सोयीचं होतं ते कळलं.

मर्झूगाहून झागोराकडे जाताना अल्निफ येतं. गाव म्हणजे मुख्यतः एक रस्ता. जिऱ्यासाठी मात्र मोरोक्कोभर नावाजलेलं. ड्रायव्हरच्या मते तिथे ‘काही नाही’. मी उतरले.

एका बोळातल्या कार्यशाळेत तोंडावर फडकं बांधलेला माणूस सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. हातात हवेवर चालणारी बारीक छिन्नी, आवाज दाताच्या डॉक्टरकडचा. मालकाने पुदिन्याचा चहा आणला आणि कुठून आलात विचारलं. भारत म्हटल्यावर मी शाहरुखची वाट पाहत होते. तो म्हणाला, “जळगाव?”

मी पुण्याची आहे, पण त्या क्षणी जळगावची व्हायला माझी हरकत नव्हती. फ्रान्समधल्या एका खनिज बाजारात त्याने आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतले अपोफिलाइटचे हिरवे स्फटिक पाहिले होते, चिठ्ठीवर जळगाव लिहिलेले. ते विहिरीत सापडतात हे खरं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. खरं, विहिरीत आणि खाणीतही, म्हटल्यावर तो खूश झाला. मग कपाटातल्या वस्तू बाहेर आल्या.

आधी त्याने एक ओबडधोबड गोळा दाखवला. फोडलेल्या बाजूवर नखाएवढी गडद रेघ. बस. जवळच्या इस्सूमूर डोंगरावर माणसं पहार आणि हातोडे घेऊन एकाच पातळ थराच्या मागे मागे चर खणत जातात. रस्त्यावरून ते चर उतारावर ओढलेल्या ओळींसारखे दिसतात. दगड फोडायचा, त्यात अशी रेघ दिसते का पाहायचं. ती रेघ म्हणजे मधोमध चिरल्या गेलेल्या ट्रायलोबाइटच्या कवचाची कड. दिसली की सगळे तुकडे गोळा करायचे, पुन्हा चिकटवायचे आणि मग वरून कणाकणाने दगड काढत आतल्या प्राण्यापर्यंत यायचं. काटेरी जातींचा एकेक नमुना कित्येक दिवस खातो. वालिसेरॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या डोक्यापुढे तर त्रिशूळ असतो. तो नरांच्या आपसातल्या झुंजीसाठी असावा, असं २०२३ मध्ये संशोधकांनी मांडलं. तो त्रिशूळ न मोडता दगडातून सोडवायचा, ही बसल्या जागची कुस्तीच.

मग त्याने एक फॅकॉप्स, हाही ट्रायलोबाइटच, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. डोळा! मधमाशीच्या डोळ्यासारखी गर्दी नाही, सुटीसुटी गोल भिंगं ओळीने मांडलेली. ती कॅल्साइटची, म्हणजे जिवंतपणीच खनिजाची, म्हणून टिकली. ४० कोटी वर्षांपूर्वी या भिंगांतून कुणीतरी बघत होतं. मी इतका वेळ वाकून राहिले की चहा गार झाला आणि नवरा दोनदा खोकला.

“अगं, पण हा फुटका आहे,” तो कानात म्हणाला. पाठीवरून एक बारीक तडा आरपार, थेट खालच्या दगडात गेलेला.

“म्हणूनच घ्यायचा,” मी म्हटलं. या डोंगरातला खरा ट्रायलोबाइट आधी फुटतो, मगच सापडतो. गुळगुळीत, अखंड, स्वस्त दिसला तर मला आधी साचा आठवतो.

६०० दिरहम, घासाघीस न करता. त्यातले चर खणणाऱ्याला किती, हे मी विचारलं. मालक दिलखुलास माणूस, पण याचं उत्तर त्याने चहा ओतण्यात घालवलं. युरोपातल्या दुकानात अशांची किंमत कितीतरी पट होते, आणि पहार धरणारा हात त्या साखळीच्या तळाशीच राहतो. हे मला खटकलं, अजून खटकतं, आणि तरी मी तो घेतला.

नवऱ्याने समोरच्या दुकानातून अर्धा किलो जिरं घेतलं. वास खरंच जबरदस्त.

दोन्ही दुकानं ड्रायव्हरच्या ओळखीची नव्हती. झागोरापर्यंत त्याने एसी लावला नाही.