कालपर्यंत चालत होतं

गिऱ्हाईक "कालपर्यंत चालत होतं" म्हणालं की मी सहसा विश्वास ठेवत नाही. बहुतेक वेळा ते महिनाभर बंदच असतं, लक्ष आज गेलेलं असतं. छापखान्याच्या आण्णांचं मात्र खरं होतं. काल चालत होतं, आज चालत नव्हतं, आणि तरीही काहीच बिघडलेलं नव्हतं. न बिघडलेलं दुरुस्त करायला गेलो होतो, म्हणून ही केस अजून डोक्यातून जात नाही.

मी तासगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. सकाळी आण्णांचा फोन आला, "लगेच ये. उत्तरकार्याची पत्रिका अडलीया." लग्नपत्रिका दोन दिवस उशिरा गेली तर लोक चिडतात आणि विसरतात. उत्तरकार्याची तारीख मागंपुढं होत नाही. वाटायला माणसं गावोगाव जायची असतात, त्यामुळं संध्याकाळी गठ्ठा हातात पडलाच पाहिजे.

छापखान्यातलं मशीन सांगायला हवं. विंडोज एक्सपी, पानं जुळवायचं पेजमेकर 7 आणि मराठी टाइप करायचं श्रीलिपी. एक्सपी आणि पेजमेकर 7 दोन्ही 2001 साली बाजारात आले. मशीनच्या पाठीमागं पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला श्रीलिपीचं लॉक, म्हणजे चोरून वापरू नये म्हणून दिलेली छोटी डबी, लावलेलं, आणि त्या लॉकच्या पाठीत प्रिंटरची केबल. ते लॉक काढलं की मराठी बंद. नवीन मदरबोर्डवर तसा पोर्ट सहसा येत नाही, आणि 64-बिट विंडोजवर त्या काळातले ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू ओळखून चालवणारे छोटे प्रोग्रॅम, चढत नाहीत. शिवाय इतक्या वर्षांच्या फाइली: तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, यात्रेची हँडबिलं. सगळं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी उमटणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फाँटात. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की "सप्रेम नमस्कार"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. टायपिंग करणाऱ्या ताईंची बोटं त्या कीबोर्डवर न बघता पळतात. त्यामुळं "आण्णा, नवीन कॉम्प्युटर घ्या" हे वाक्य मी केव्हाच सोडून दिलंय.

मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला थांबवला. आण्णांच्या मशीनला त्याचा पत्ताच लागला नाही, कारण त्याला इंटरनेटच नाही. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध एकाच वाटेनं: आण्णांचा फोन आणि त्याची केबल. गिऱ्हाइकानं आणलेल्या फोटोचा आण्णा फोननं फोटो काढतात, केबल लावतात, ताई फाइल ओढून घेतात. स्कॅनर कधीच गेलाय.

आदल्या रात्री फोन चार्जिंगला लावलेला. नातवानं अपडेटचं बटण दाबलं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. तो फोन बरेच दिवस तेच विचारत होता, आणि अपडेट करत जा म्हणून मीच सगळ्यांना सांगतो. सकाळी फोन नव्या चेहऱ्यानं उठला. आण्णांनी सवयीनं, ज्यांचं उत्तरकार्य होतं त्या आजींच्या तसबिरीचा फोटो काढला आणि तसबीर परत दिली, कारण घरी तिच्यापुढं दिवा ठेवायचा होता. मग केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला. कॉम्प्युटरवर काही नाही.

पहिला संशय केबलवर. यूएसबी केबलमध्ये चार्जिंगच्या तारा वेगळ्या आणि डेटाच्या वेगळ्या. काही स्वस्त केबलीत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. माझी केबल लावली, तेच. मग फोनचा यूएसबी मोड बघितला. अपडेटनंतर तो "फक्त चार्जिंग"वर गेला होता. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून ही पद्धत आहे, आणि ती बरोबरच आहे. रस्त्यावरच्या चार्जरला तुमचे फोटो का दिसावेत? बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारून डेव्हलपर ऑप्शन उघडले आणि फाइल ट्रान्सफर कायमचं चालू केलं. आता एक्सपीनं "टिंग" केलं. नवीन हार्डवेअर सापडलं म्हणाला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह.

इथं थोडं विस्तारानं लिहितो, कारण बाहेरच्याला वाटतं वायर म्हणजे वायर. जुने फोन पेनड्राइव्हसारखे दिसायचे. फोन आपलं मेमरी कार्ड सोडून द्यायचा आणि कॉम्प्युटर ते ताब्यात घ्यायचा. 2011 च्या आसपास अँड्रॉइडनं ते सोडून एमटीपी धरलं. यात कॉम्प्युटर फाइल मागतो आणि फोन ती काढून देतो. म्हणजे दोघांना एकमेकांची भाषा यावी लागते. एक्सपीला ती जन्मतः येत नाही. मीडिया प्लेअर 11 टाकला की त्याच्यासोबत येते. आण्णांनी फोन घेतला तेव्हा मीच तो प्लेअर टाकला होता, आणि त्या गोष्टीचा मला थोडा अभिमान होता.

अपडेटनंतर हा फोन यूएसबीवर आपली ओळख वेगळी सांगत होता. एक्सपीच्या ड्रायव्हरच्या यादीत ती ओळख नव्हती. ती यादी ज्यात असते ती आयएनएफ फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली, फोनचा नवा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी तिच्यात हातानं लिहिला, ड्रायव्हर जबरदस्तीनं बसवला. पिवळं चिन्ह गेलं. ताई म्हणाल्या, "आलं!" माय कॉम्प्युटरमध्ये फोनचं नाव आलं, आतलं फोल्डर रिकामं, आणि मग कोड 10: डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. केबल काढून घातली, पोर्ट बदलला, पुन्हा कोड 10.

आमच्या लाइनीतल्या बऱ्याच जणांनी इथं नव्या मशीनचं कोटेशन काढलं असतं. मशीन विकण्यात मार्जिन आहे, आयएनएफ वाचण्यात नाही. फोन कंपनीच्या हेल्पलाइनलाही लावून बघितलं. पलीकडची मुलगी आदबीनं म्हणाली, "सर, कॉम्प्युटर अपडेट करा." तिची चूक नाही. तिच्या पडद्यावरच्या प्रश्नावलीत एक्सपी हा पर्यायच नसणार.

केबलची वाट बंद झाल्यावर बाकीच्या बघितल्या. ब्लूटूथ मशीनला नाही. व्हॉट्सअॅप वेबसाठी माझ्या मोबाइलचं नेट लावलं असतं, पण एक्सपीवर क्रोमचा आधार 2016 मध्येच संपलाय. त्या ब्राउझरवर हल्लीच्या बऱ्याचशा साइटी उघडतच नाहीत. राहिला पेनड्राइव्ह. फोनला पेनड्राइव्ह लावायचा ओटीजीचा छोटा जोड माझ्या बॅगेत असतोच. माझा 64 जीबीचा पेनड्राइव्ह फोननं घेतला पण एक्सपीनं नाकारला, कारण तो एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला. मग ताईंनी ड्रॉवरमधून 4 जीबीचा जुनाट पेनड्राइव्ह काढला. तो फॅट32, म्हणजे जुन्या पद्धतीचा. तो दोघांनाही चालला. फाइल एकदाची एक्सपीवर आली.

आणि पेजमेकरनं ती घेतलीच नाही.

फाइलच्या नावाचं शेपूट बघितलं: एचईआयसी. अपडेटसोबत कॅमेऱ्यात जागा वाचवण्याची सेटिंग चालू झाली होती. हा फॉरमॅट 2015 मध्ये ठरला. त्याच दर्जाचा फोटो जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत बसतो, सोय चांगलीच आहे. पण 2001 च्या पेजमेकरनं तो ओळखावा कसा? सेटिंग बदलून पुन्हा फोटो काढावा, तर तसबीर घरी गेलेली, दिव्यापुढं.

माझ्या लॅपटॉपवर फोटोचं जेपेग केलं, पेनड्राइव्हवर टाकलं. आण्णांना काळजी, "बदलताना फोटो खराब तर झाला नसंल?" पत्रिकेवर फोटो दोन इंचाचा. 300 डीपीआयनं रुंदीला 600 पिक्सेल पुरतात, आणि फोनच्या फोटोत त्याच्या कितीतरी पट असतात. मिनी ऑफसेटवर, म्हणजे छपाईच्या छोट्या मशीनवर, त्याचे ठिपकेच होणार. हे मी सांगितलं, पण आण्णांचा विश्वास ट्रेसिंग पेपरवरचं आउटपुट खिडकीच्या उजेडात धरून बघितल्यावरच बसला. दुपारी प्लेट झाली, संध्याकाळी गठ्ठा गेला.

गठ्ठा बांधून झाल्यावर आण्णा म्हणाले, "आता फोन पहिल्यासारखा कर."

ते होत नाही. अलीकडच्या बऱ्याच फोनांत जुनी आवृत्ती परत बसू नये म्हणून मुद्दाम कुलूप असतं. जुन्या आवृत्तीतली भोकं चोरांना ठाऊक असतात. ते कुलूप जिथं तोडता येतं तिथंही आधी फोनमधलं सगळं पुसलं जातं. आण्णा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मग निदान हितनं पुढं अपडेट बंद करून टाक. मशीनला मी हात लावत न्हाई, तर फोनला का लावायचा?"

प्रश्न बिनतोड होता. ज्या कारणानं एक्सपी इतकी वर्षं टिकलं, तेच आण्णा फोनला लावत होते. पण एक्सपीला इंटरनेट नाही. फोनवर बँकेचं अॅप, यूपीआय, पेन्शनचे मेसेज. सुरक्षेचे पॅच येतच राहिले पाहिजेत. मी नको म्हणालो. कॅमेरा जेपेगवर कायम केला, ओटीजीचा जोड तिथंच ठेवला, आणि घरात जुना फोन असेल तर सिम काढून तो फक्त कॅमेरा म्हणून वापरा म्हणून सुचवलं. जुना फोन नातवानं मोडीत घालून कानाला लावायची बटणं आणली होती.

बिलाच्या वेळी आण्णांनी विचारलं, "झालं काय होतं नेमकं? लिहायचं काय पावतीवर?" मी "सर्व्हिस चार्ज" लिहिलं. फोन कंपनीनं सुरक्षा वाढवली, जागा वाचवली. मायक्रोसॉफ्टनं आधी जाहीर केलेल्या तारखेला सपोर्ट थांबवला. नातवानं सांगितलं ते केलं. यातलं एकही मला चूक म्हणता येत नाही, आणि तरी एका घरची पत्रिका दुपारपर्यंत अडून राहिली होती. दोन्ही बाजू तपासायचं काम जगात कोणाकडंच नाही, ते शेवटी तालुक्याच्या गावातल्या माझ्यासारख्यावर पडतं.

पुढच्या आठवड्यात कळलं, स्टँडजवळच्या एका मोबाइलवाल्यानं पन्नास रुपये घेऊन आण्णांच्या फोनचं ऑटो-अपडेट बंद करून दिलंय. आण्णा त्याच्यावर खूश आहेत. मी विषय काढला तर म्हणाले, "त्यानं मी म्हटलं ते केलं. तू शिकवत बसलास." ताईंनी हसू दाबलं.

मी ते पुन्हा चालू करावं का, हे अजून ठरलेलं नाही. फोन त्यांचा आहे. मशीनचं म्हणाल, तर त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगायला लागलेत, ते मी त्या दिवशी झाकण उघडल्यावर बघितलं. मागच्या आठवड्यात सांगलीत भंगारातनं प्रिंटर पोर्ट असलेला एक जुना 945 चिपसेटचा मदरबोर्ड मिळाला, तपासून दुकानात ठेवलाय. आण्णांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर आणखी दहा वर्षं ते बदलाचं नाव काढणार नाहीत.