चुंबकाला चिकटला म्हणजे कॅटलिस्ट परत मिळाला?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. प्रश्न बहुधा एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांचा किंवा नुकतीच पीएचडी सुरू केलेल्यांचा असतो: "मॅग्नेटाइटच्या (चुंबकीय लोह ऑक्साइडच्या) नॅनोकणांवर सिलिका चढवली, तिच्यावर सल्फॉनिक आम्ल लावलं. पहिली बिजिनेली अभिक्रिया झकास झाली. चुंबकाने कॅटलिस्ट (उत्प्रेरक) सगळा परत मिळाला, वजनही भरलं. मग तोच परत वापरल्यावर तिसऱ्या फेरीत यील्ड (मिळालेल्या पदार्थाचं प्रमाण) का पडलं?"

कारण चुंबक लोखंड ओढतो, आम्ल ओढत नाही. वजन भरलं याचा अर्थ मॅग्नेटाइटचा गाभा परत आला एवढाच.

बिजिनेली अभिक्रिया १८९१ सालची. अल्डिहाइड, एथिल अॅसिटोअॅसिटेट आणि युरिया एकाच फ्लास्कमध्ये तापवायचे, की दोन नायट्रोजन असलेलं सहा अणूंचं कडं, म्हणजे डायहायड्रोपिरिमिडिनोन, तयार होतं. त्यासाठी आम्ल लागतं. मूळ पद्धतीत ते हायड्रोक्लोरिक होतं. ते घन कणावर बांधून ठेवायचं हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. म्हणून कॅटलिस्ट कसा केला यावरच तिसऱ्या फेरीचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

गाभ्यापासून सुरुवात करू. १०० मिली पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. मग फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, म्हणजे २० आणि १० मिलिमोल, विरघळवा. ८०° सेल्सियसला जोरात ढवळत २५ टक्क्यांचा अमोनिया सुमारे १५ मिली घाला. पीएच १०च्या वर जायला हवा. काळाभोर साका लगेच पडतो, हिशेबाने २.३ ग्रॅम. साका तपकिरी दिसला तर फेरस मीठ आधीच ऑक्सिडाइझ झालेलं होतं. बाटलीतलं मीठ फिकट हिरवं असेल तरच वापरा, पिवळट असेल तर नवी बाटली फोडा.

ढवळायला मॅग्नेटिक नीडल नको. सगळा माल नीडललाच चिकटतो. काचेचा किंवा टेफ्लॉनचा पॅडल असलेला ओव्हरहेड स्टरर लावा. हेच पुढे बिजिनेली करतानाही लागू आहे. नीडलभोवती गोळा झालेल्या कॅटलिस्टचा पृष्ठभाग वाया जातो, अभिक्रिया रेंगाळते, आणि दोष मात्र कॅटलिस्टच्या माथी येतो.

धुतलेले कण खडखडीत वाळवू नका. एकदा घट्ट गोळे झाले की सोनिकेटरही (अश्राव्य ध्वनीने कण विस्कटणारं यंत्र) ते पुरते सोडवत नाही. इथेनॉलमध्ये ओलेच ठेवा आणि थोडा नमुना वाळवून एका मिलीत किती मिलिग्रॅम आहेत ते काढा.

सिलिकासाठी १ ग्रॅम मॅग्नेटाइट १६० मिली इथेनॉल आणि ४० मिली पाण्यात अर्धा तास सोनिकेट करा. ५ मिली अमोनिया घाला, मग टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट २ मिली, थेंबाथेंबाने, तासाभरात. रात्रभर ढवळत ठेवा. घाईने ओतलंत तर सिलिका कणांवर न बसता तिचे स्वतंत्र गोळे होतात. चुंबक लावल्यावर वरचं द्रव दुधाळ दिसलं तर तेच झालंय. असं पाणी निवळेपर्यंत धुऊन टाकायचं, नाहीतर हे चुंबकाला न जुमानणारे गोळेही पुढे आम्ल घेऊन बसतील आणि पहिल्याच फेरीनंतर ओतून दिले जातील.

आता खरी गोम. बहुतेक जण डायक्लोरोमिथेनमध्ये क्लोरोसल्फॉनिक आम्ल थेंबाथेंबाने घालतात. सोपं आहे, दोन तासांत होतं. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो तो अल्कलीत सोडला की झालं. पण यात आम्ल सिलिकाला ऑक्सिजनमार्फत जोडलं जातं, आणि तो बंध पाण्यात तुटून सल्फ्युरिक आम्ल सुटं होतं. बिजिनेलीत तर पाणी तयारच होतं. म्हणजे पहिल्या फेरीतली ती झकास अभिक्रिया बऱ्याच अंशी सुट्या सल्फ्युरिक आम्लाने केलेली असू शकते. शिवाय सिलिकाचं कवच कुठे फाटकं असेल तर हेच आम्ल आतलं लोखंड खातं, आणि विरघळलेलं फेरिक लोहही बिजिनेलीला चालना देतं. कोण काम करतंय हे यील्डवरून कळणारच नाही.

याची परीक्षा स्वस्त आहे. ५० मिलिग्रॅम कॅटलिस्ट ५ मिली पाण्यात तासभर गरम ठेवा, चुंबक लावून वरचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. निम्म्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घाला. पांढरा साका म्हणजे सल्फेट सुटलंय. उरलेल्यात थोडं आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब आणि पोटॅशियम थायोसायनेट. लाल रंग म्हणजे लोह सुटलंय. आमच्या मते ही परीक्षा एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या) आधी व्हायला हवी. एक्सआरडीत मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (त्याचंच जास्त ऑक्सिडाइझ झालेलं रूप) यांच्या रेषा जवळजवळ सारख्याच येतात, आणि आम्लाबद्दल तर त्या काहीच सांगत नाहीत.

टिकाऊ बंध हवा असेल तर मर्कॅप्टोप्रोपिल ट्रायमेथॉक्सीसिलेनचा रस्ता धरा. १ ग्रॅम कणांना १ मिली, कोरड्या टोल्युइनमध्ये, नायट्रोजनखाली रात्रभर रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळणं). मग ३० टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने थायॉलचं (सिलेनच्या टोकाच्या गंधक-हायड्रोजन गटाचं) सल्फॉनिक आम्ल करा, शेवटी विरल सल्फ्युरिक आम्लाने थोडा वेळ ढवळून निथळ धुवा. इथे गंधक कार्बन-साखळीवर बसतं आणि पाण्याला दाद देत नाही. पेरॉक्साइड मात्र थोडं थोडं घाला. फेस येऊन फ्लास्क तापायला लागला तर कवच गळकं आहे, लोह पेरॉक्साइड फोडतंय. तो लॉट सोडून द्या.

आम्ल किती बसलं ते मोजायला ०.१ ग्रॅम कण मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळा, कण काढा, द्रावण ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. १० मिली लागले तर ग्रॅमला १ मिलिमोल. हाच आकडा प्रत्येक फेरीनंतर काढला की निम्मं गूढ उकलतं.

अभिक्रियेसाठी बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, एथिल अॅसिटोअॅसिटेट १.३० ग्रॅम, युरिया ०.९० ग्रॅम, कॅटलिस्ट ०.३ ग्रॅम, इथेनॉल १० मिली, रिफ्लक्स. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) अल्डिहाइड संपलं की थंड होऊ देऊ नका. पदार्थ थंडीत स्फटिक होऊन कॅटलिस्टला गुरफटून बसतो. गरम इथेनॉल आणखी १५ मिली घालून, निओडायमियमचा चुंबक बाहेरून लावून, गरमच ओतून घ्या. पदार्थाचा वितळबिंदू २०२ ते २०४ अंश. तो करडा दिसला तर कण आत राहिलेत. एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखण्याच्या चुंबकीय तपासणीच्या) रेषा पसरट येतील, आधी सेलाइटमधून (गाळायची बारीक भुकटी) गाळा. आणि परत मिळालेल्या कॅटलिस्टचं वजन वाढलेलं आलं तर खूश होऊ नका, तो अडकलेला पदार्थ आहे. गरम इथेनॉलने धुऊन आयआर (अवरक्त वर्णपट) काढा. १७०० सेंटिमीटर व्यस्तांकाच्या आसपास कार्बोनिलची रेषा उरायला नको.

आता फेऱ्यांच्या तक्त्याबद्दल. अभिक्रिया चाळीस मिनिटांत संपत असताना प्रत्येक फेरी तीन तास चालवली, तर निम्मं आम्ल गेलं तरी यील्ड ९४, ९३, ९२ असंच येत राहील. असा तक्ता छापण्याजोगा दिसतो, पण तो टिकाऊपणाचा पुरावा नाही. प्रत्येक फेरीत दहाव्या मिनिटाला नमुना काढा, १,३,५-ट्रायमेथॉक्सीबेन्झीन मापदंड म्हणून मोजून घालून एनएमआरवर रूपांतरण काढा आणि तो आकडा द्या. सोबत कॅटलिस्टशिवाय, नुसत्या मॅग्नेटाइटवर आणि नुसत्या सिलिका-कवचावर तीच अभिक्रिया करा. चौथी, तितक्याच मिलिमोल पॅरा-टोल्युइन सल्फॉनिक आम्लावर. या स्वस्त आम्लाने तेवढ्याच वेळात तेवढंच काम केलं, तर तुमचं कॅटलिस्ट बनवताना आणि धुताना गेलेलं टोल्युइन, इथेनॉल आणि श्रम तक्त्यात मांडा, मग 'हरित' (पर्यावरणस्नेही) हा शब्द वापरायचा की नाही ते ठरवा.

कॅटलिस्ट म्हणून पॅलेडियम धातू वापरला तर गोष्ट वेगळी. तो महाग, आणि औषधात तोंडावाटे दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. तिथे धातू कणावर बांधून चुंबकाने काढण्यात खरा फायदा आहे, फक्त द्रावणात किती उतरला ते आयसीपीवर (धातूचा अगदी अल्प अंश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेलं असावं.