बेडफर्ड, व्हर्जिनिया: आधी गाव, मग टेकडी

दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला, म्हणजे 'डी-डे'ला, मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं. त्या दिवशी पडलेल्यांचं बेडफर्डमधलं नॅशनल डी-डे मेमोरियल बघायला येणारे बहुतेक जण हायवेवरून थेट टेकडीवर जातात, कमानीखाली फोटो काढतात आणि तसेच ब्लू रिज पार्कवेकडे निघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की क्रम उलटा ठेवा. आधी खाली गावात जा, मेन स्ट्रीटवर तासभर पायी फिरा आणि मगच वर चढा. वरच्या भिंतींवर चार हजार चारशेहून जास्त नावं आहेत. त्यांतली चार-पाच जरी ओळखीची झालेली असली, तरी ती भिंत वेगळी दिसते.

बेडफर्ड हा व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडचा शेतीवाडीचा भाग. मागे पीक्स ऑफ ऑटरची शिखरं, खाली कुरणं, गोठे, गवताचे भारे. १९४४ मध्ये बेडफर्ड गावची वस्ती होती सुमारे ३,२००. त्या वर्षी ६ जूनच्या सकाळी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर पहिल्या लाटेत उतरलेल्या 'ए' कंपनीत इथली तीसेक मुलं होती. दिवस मावळेपर्यंत त्यांतली १९ गेली. नॉर्मंडीच्या पुढच्या लढाईत आणखी काही गेली. लोकसंख्येच्या मानाने त्या दिवशी एवढी झळ अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही गावाला बसली नाही, असं मानलं जातं. राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये न उभारता या आडगावी का उभारलं, त्याचं उत्तर हेच.

गावातला पहिला मुक्काम मेन स्ट्रीटवरचं जुनं ग्रीन्स ड्रगस्टोअर. औषधं, सोडा फाउंटन आणि कोपऱ्यात वेस्टर्न युनियनचं तार-यंत्र, असं ते दुकान होतं. सगळं गाव तिथे येऊन बसायचं. आक्रमण झाल्याचं लोकांनी रेडिओवर ऐकलं होतं, पण आपल्या मुलांचं काय झालं हे जवळजवळ सहा आठवडे कुणालाच कळलं नव्हतं. १७ जुलै १९४४ ला सकाळी तारेवर बसणाऱ्या तरुण मुलीने यंत्र सुरू केलं आणि रोनोक शहरातल्या ऑफिसकडून मृत्यूच्या तारा एकामागून एक येऊ लागल्या. एरवी अशी तार एखादीच यायची. त्या सकाळी थांबेचना. मग शेरीफ, डॉक्टर, टॅक्सीवाला, जो हाताशी सापडेल त्याच्याकरवी त्या तारा घराघरांत आणि दूरच्या शेतांवर पोचवल्या गेल्या. आता त्या जागेत बेडफर्ड बॉईज ट्रिब्यूट सेंटर आहे. पत्रं, फोटो, घरच्यांनी दिलेल्या वस्तू तिथे बघायला मिळतात. उघडण्याचे दिवस मर्यादित असतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. आणि आत गेलात तर घाई करू नका. सांगणारी माणसं आपुलकीने सांगतात, एकेका फोटोशी थांबतात.

तिथून चालत कोर्टाच्या इमारतीपाशी जा. समोर नॉर्मंडीहून आणलेल्या दगडाचं छोटं स्मारक आहे, १९५४ मध्ये बसवलेलं. टेकडीवरच्या भव्य बांधकामाच्या जवळपास अर्धं शतक आधी गावाने आपल्यापुरती केलेली ही आठवण. मला स्वतःला ते सर्वांत जवळचं वाटलं. उंची बेताची असल्याने नाव वाचायला मान वर करावी लागत नाही आणि रोज कोर्टात कामाला येणारी माणसं त्याच्याजवळून जातात.

एकाच गावातली इतकी मुलं एकाच तासात का गेली, हे समजल्याशिवाय वर जाऊ नये. 'ए' कंपनी मुळात व्हर्जिनिया नॅशनल गार्डची, म्हणजे स्थानिक तुकडी. मंदीच्या काळात शेतात आणि गिरणीत पैसा नव्हता, आणि गार्डमध्ये कवायतीला गेलं की एक डॉलर मिळायचा. भाऊ, चुलतभाऊ, एका वर्गातली, एका बेसबॉल संघातली मुलं अशी सगळी एकत्र भरती झाली. ३ फेब्रुवारी १९४१ ला तुकडी केंद्राच्या सैन्यात घेतली गेली, २९व्या डिव्हिजनच्या ११६व्या रेजिमेंटचा भाग म्हणून. १९४२ मध्ये 'क्वीन मेरी' जहाजाने ती इंग्लंडला गेली आणि पुढची वर्षं डेव्हनमधल्या आयव्हीब्रिजसारख्या ठिकाणी सरावात गेली. कंपनीचा कॅप्टन टेलर फेलर्सही इथलाच. या कंपनीच्या वाट्याला आला 'डॉग ग्रीन' हा पट्टा, व्हिएरव्हिल गावाकडे जाणाऱ्या घळीच्या अगदी तोंडाशी. बॉम्बफेक ढगांमुळे किनाऱ्यावर न पडता आत पडली होती, जर्मन बंकर शाबूत होते, वाळू उघडी होती. होड्यांची फळी खाली पडताच समोरून आणि बाजूने मशीनगन सुरू झाल्या. फेलर्सच्या होडीतलं कुणीच वाचलं नाही. काही मिनिटांत कंपनी संपल्यातच जमा झाली.

माझ्यासोबत बाबा, म्हणजे माझे सासरे, होते. ते कोरेगाव तालुक्यातले. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे तरी दुसरं काय झालं? पलटण म्हणजे गावंच्या गावं." खरंच आहे. मराठा पलटणींची भरती सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड), कोल्हापूर या पट्ट्यातून व्हायची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, मग शरणागती, मग कैद. एका वेढ्याने किती तालुक्यांतली घरं ओस पडली असतील! आपल्या गावांतून अजूनही ती पांढरी शिळा दिसते: या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. बाबांनी लहानपणापासून अशा शिळा पाहिलेल्या. "पण त्यावर नाव कुणाचंच नसतं," ते म्हणाले. "नुसता आकडा."

टेकडीवर चढताना हे वाक्य माझ्या मनात होतं.

स्मारक रूट ४६० आणि १२२ च्या चौकाजवळ आहे, गावातून गाडीने काही मिनिटांवर. ६ जून २००१ ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याचं लोकार्पण केलं. कल्पनेमागे होते रोनोकचे बॉब स्लॉटर, स्वतः ११६व्या रेजिमेंटमधून ओमाहावर उतरलेले. खालून वर चढत जायची रचना आहे. सुरुवातीला इंग्लिश पद्धतीची बाग, आक्रमणाचे सरसेनापती आयसेनहॉवर यांचा पुतळा, म्हणजे तयारीचा काळ. मग पाण्याचं कुंड, लँडिंग क्राफ्टचं तोंड, पाण्यातून धडपडत येणारे ब्राँझचे सैनिक, वाळूवर पडलेला एक. पाण्यात मधूनमधून गोळ्या आपटाव्यात तसे फवारे उडतात. त्याच्याभोवती नावांच्या भिंती. शेवटी वरच्या चौकात ४४ फूट ६ इंच उंचीची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कमान आणि बारा मित्रराष्ट्रांचे ध्वज. ६/६/४४ ही तारीख त्या उंचीत गुंफलेली आहे.

कमान भव्य आहे, पण तिच्यापाशी मी फार रेंगाळले नाही. माझा वेळ गेला भिंतीशी. एका बाजूला अमेरिकन, समोर इतर मित्रराष्ट्रांचे. हुद्दा वगैरेची उतरंड न लावता नावं शेजारी शेजारी आहेत. तिथे होबॅक हे आडनाव शोधा. बेडफर्ड (गावाचंच नाव असलेला) आणि रेमंड, सख्खे भाऊ, इथल्याच शेतावरचे. एका भावाच्या मृत्यूची तार आली आणि दुसऱ्या दिवशी दुसरा बेपत्ता असल्याची. रेमंडचा देह कधीच सापडला नाही. सापडलं ते त्याचं बायबल. किनाऱ्यावर पडलेलं, आईने दिलेलं, आत नाव लिहिलेलं. एका अनोळखी सैनिकाने ते उचलून, पत्र लिहून, घरी पाठवून दिलं. त्या सैनिकाला वाटत होतं की रेमंड जिवंत असेल आणि पुस्तक त्याच्याआधी घरी पोचेल. युद्धानंतर सरकारने देह परत आणायचे का म्हणून प्रत्येक घराला विचारलं, तेव्हा होबॅक आईवडिलांनी बेडफर्डला नॉर्मंडीतच राहू दिलं, रेमंड जिथे कुठे असेल त्याच्या जवळ.

स्टीव्हन्स हे दुसरं नाव. रॉय आणि रे जुळे. दोघांनी मिळून शेत घेतलं होतं. निघताना रेने हात पुढे केला, तर रॉय म्हणाला की आता नको, वर व्हिएरव्हिलच्या चौकात भेटू तेव्हा हात मिळवू. रॉयची होडी वाटेतच बुडाली, त्याला इंग्लंडला परत नेलं, म्हणून तो वाचला. काही दिवसांनी तो किनाऱ्यावर आला तेव्हा त्याला भावाची कबर सापडली. इथे बाबा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचाही एक भाऊ फौजेत होता.

वाचलेल्यांपैकी रे नान्स या अधिकाऱ्याबद्दल गाइडने जे सांगितलं ते मला पुन्हापुन्हा आठवतं. किनाऱ्यावर जखमी झालेला हा माणूस परत आला आणि याच भागात ग्रामीण टपालवाटप करू लागला. ज्यांची मुलं त्याच्यासोबत गेली आणि परतली नाहीत, त्या घरांच्या फाटकाशी त्याने वर्षानुवर्षं पत्रं पोचवली. २००९ मध्ये तो गेला, बेडफर्डच्या त्या मुलांतला शेवटचा.

आणखी एक पुतळा चुकवू नका. नॉर्मंडीतल्या त्रेव्हिएर गावच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाची ही प्रतिकृती. मूळ पुतळ्याचा चेहरा १९४४ च्या लढाईत तोफगोळ्याने उडाला, आणि गावाने तो तसाच ठेवला. एका युद्धातल्या मृतांचं स्मारक दुसऱ्या युद्धात जखमी झालं. मूळ घाव जसाच्या तसा इथे उतरवला आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. वॉशिंग्टन परिसरातून यूएस २९ ने शार्लट्सव्हिल, लिंचबर्ग आणि तिथून ४६० पश्चिमेला, असा चारेक तासांचा रस्ता आहे. आय-८१ पेक्षा ट्रक कमी आणि रस्ता सुंदर. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराकडून येणाऱ्यांना तीन तासांच्या आसपास लागतात. अ‍ॅमट्रॅक लिंचबर्ग आणि रोनोकपर्यंत नेते, पुढे गाडी लागतेच. मुक्काम या दोन शहरांपैकी एकात करा. दोन्ही अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत आणि भारतीय जेवणही तिथेच मिळेल. बेडफर्डमध्ये शाकाहारी माणसाला पर्याय थोडे, म्हणून आम्ही दशम्या आणि चटणी बरोबर नेली होती, ती उपयोगी पडली.

स्मारक पूर्ण उघड्यावर आहे. बंदिस्त संग्रहालय नाही, सावली अगदी थोडी. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाला उघडताच जा, टोपी आणि पाणी घ्या. हिवाळ्यात टेकडीवर वारा बोचतो आणि सोमवारी बंद असतं. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर चढाची काळजी नको, रॅम्प आहेत आणि छोट्या गाडीतून फेरी करायची सोय असते. तिकीट घेताना तिची चौकशी करा. गाइडसोबतची फेरी घ्याच. एकट्याने फिरलं तर पुतळे दिसतात, माणसं कळत नाहीत. दोन ते अडीच तास धरा. लहान मुलांना वाळूवरच्या मृत सैनिकाबद्दल आधी सांगून ठेवा, आणि कुंडाच्या फवाऱ्यांशी त्यांना खेळू देऊ नका. आजूबाजूला कुणाच्या तरी घरचं माणूस त्या भिंतीवर आहे. ६ जूनला समारंभ असतो, तो भारावून टाकणारा असतो असं सगळे सांगतात, पण त्या दिवशी गर्दी मोठी आणि राहायच्या जागा महिनोन् महिने आधी भरतात. शांतपणे वाचायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधला आठवड्यातला दिवस बरा. त्या वेळी पीक्स ऑफ ऑटरला पानांचे रंगही मिळतील.

पुढे कधी फ्रान्सला जाणार असाल तर व्हिएरव्हिलच्या किनाऱ्यावर जर्मन बंकरच्या वरच उभारलेलं नॅशनल गार्डचं स्मारक आहे, तीच ती घळ. कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीत बेडफर्ड होबॅकची कबर आणि बेपत्तांच्या भिंतीवर रेमंडचं नाव आहे. विभाग, रांग आणि क्रमांक अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशनच्या संकेतस्थळावर आधीच काढून ठेवा, तिथे गेल्यावर शोधत बसू नका.

आणि तुमच्या गावात ती पांढरी शिळा असेल, तर हेच काम तिच्यासाठीही करा. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीखाली नुसती संख्या होती. पण नोंदवहीत ती आहेत, आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. जास्तीच्या माहितीच्या रकान्यात रोमन लिपीत गावाचं, तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव टाका. स्पेलिंग जुनी आणि बेभरवशाची आहेत, म्हणून तीन-चार प्रकारे करून बघा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दोन्ही असतं. दुसऱ्या महायुद्धातले माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, हेही तिथे सापडतील: १० जुलै १९४४, इटली, कसिनो मेमोरियल. बेडफर्डला तारा यायच्या बरोबर एक आठवडा आधीची ती तारीख आहे. बाबांनी त्याच रात्री हॉटेलात बसून आपल्या पंचक्रोशीतली गावं एकेक करून टाकायला सुरुवात केली. सापडलेली नावं त्यांनी वहीत उतरवून घेतली आहेत, आणि परत गेल्यावर ग्रामपंचायतीला द्यायची आहेत.