शेगावची पायी वारी आणि झोपेचं त्रांगडं

निघायच्या आधी नागपुरात ज्यानं त्यानं मला पायांबद्दल सांगितलं, मोजे कोणते घ्यायचे, फोड आला तर काय करायचं, व्हॅसलिन कुठं लावायचं. झोपेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उलट "दिवसभर चालल्यावर दगडावर पण झोप लागते वो" हेच ऐकवलं. सुरुवातीच्या रात्रींपुरतं तरी हे साफ खोटं आहे.

आमची दिंडी गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या हिशोबानं माघात निघते, अमरावती रोडनं वाडी, बाजारगाव, कोंढाळी करत. पहिला मुक्काम शाळेत, बायका वर्गात आणि माणसं व्हरांड्यात. पाय ठणकत होते, जेवण झालेलं, हरिपाठ झालेला, अंग एकदम मोडलेलं आणि डोळे मात्र टक्क उघडे. हायवेवर ट्रकनं गिअर बदलला की छातीत धस्स व्हायचं. हातातल्या घड्याळात घरी रात्री साठ-बासष्ट दिसणारे ठोके सत्तरच्या खाली येईचनात, त्यात चालण्याचा थकवा पण असणार म्हणा.

यावर खरंच अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी वगैरेंनी २०१६ मध्ये दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी खोल झोपतो, आणि उजव्या कानात बारीक आवाज केला तर माणूस जास्त पटकन उठतो, कारण त्या कानाची वर्दी मुख्यतः डाव्या भागाला जाते. त्याच जागी पुन्हा झोपवलं तेव्हा हा फरक उरला नव्हता. म्हणजे डोक्यात एक चौकीदार बसवून आपण झोपतो. मी मग उजवा कान उशीत दाबून झोपून पाहिलं, झोपेचं काही कळलं नाही, खांदा मात्र चांगलाच आखडला.

दुसरी गोष्ट फरशी. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि त्यासाठी हातपाय गरम लागतात, तिथूनच आतली उष्णता बाहेर पडते. इथं पाय बर्फ. सगळ्या जणी अंगावर दोन-दोन ब्लँकेट घेत होत्या आणि खाली एक पातळ सतरंजी. आमच्यात नागपूरच्या सरकारी मेडिकल हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या एक सिस्टर आहेत, त्यांनी उलटं करायला लावलं. जाड वाकळ खाली, पातळ चादर वर, पायात कोरडे मोजे. फरशी उष्णता ओढून घेते, वरून कितीही पांघरा. बराच फरक पडला.

आता जे कोणी लिहीत नाही ते. रात्री लघवीला उठणं. घरी मी एकदाही उठत नाही, इथं मात्र जरा डोळा लागला की उठा, परत आडवं झालं की परत उठा, आणि बायकांसाठी याचा अर्थ चपला शोधा, टॉर्च शोधा, कोणाला तरी सोबतीला उठवा, मग अंधारात लांब जा. मला वाटलं पाणी जास्त होतंय म्हणून मी संध्याकाळी पाणीच बंद केलं, तर सिस्टर रागावल्या. दिवसभर चालून पायात पाणी उतरतं (माझ्या घोट्यावर मोज्याचा वळ इतका खोल की बोट बसेल), आडवं झालं की ते परत रक्तात येतं आणि किडनी आपलं काम करते, शिवाय थंडीनंही लघवी वाढते. त्यांचा उपाय, दुपारच्या विसाव्यातच भिंतीला पाय वर लावून पडायचं, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी दिवसाच निघून जातं. लोक हसले, मग सगळी रांगच भिंतीला पाय लावून. त्या रात्रीच्या फेऱ्यांत चांगलं एकच, कारंजा घाडगेकडं संत्र्याचा आंबिया बहार फुललेला होता आणि बाहेर पडलं की वास यायचा.

पोटाचंही तसंच, नवीन जागी साफ होत नव्हतं. इसबगोल. विषय संपला.

तळेगाव सोडल्यावर मला झोप लागायला लागली. गंमत म्हणजे जागा तर रोज नवीनच होती, कधी शाळा, कधी देऊळ, मोझरीला गुरुकुंजात. थकवा साचला होता हे खरंच, पण मला वाटतं तेवढंच नाही. आमची पथारीची रांग ठरून गेली होती. डावीकडं घोरणाऱ्या काकू, उजवीकडं सिस्टर, झेंडूच्या बामचा वास, तीच चादर. काकूंचं घोरणं थांबलं तरच मला जाग यायची. चौकीदाराला भिंती ओळखीच्या नको असाव्यात, माणसं ओळखीची हवी.

कारण अमरावतीला एका मंगल कार्यालयात खोल्या मिळाल्या, पलंग, गाद्या, दोघी-दोघी वेगळ्या, आणि मी परत टक्क जागी. पाणी प्यायला खाली आले तर काकू जिन्यात बसलेल्या. "तुले बी नाही लागून राहिली का वो?"

मूर्तिजापूरला परत फरशी, परत तीच रांग, आणि पहाटे काकडा सुरू झाला तरी मी उठले नाही. अकोल्याला एक नवीन ताई दिंडीत आल्या आणि नेमकी माझ्या जागेवर पथारी टाकली. मी भिडेनं गप्प, पण काकू कशाला गप्प बसतात, "अवो बाई, थे जागा हिची हाय, तू तिकडं दाराशी टाक." त्या बिचाऱ्या रात्रभर कूस बदलत होत्या म्हणे. मला काही पत्ता नाही, सकाळी चहाला त्यांनीच सांगितलं.