रीळ धुवायला चार मिनिटं, वॉरंटीला ४७ दिवस

भुसावळात राहून समुद्रातल्या मासेमारीचं रीळ बाळगणाऱ्या माणसाकडे लोक जरा विचित्र नजरेनं बघतात, आणि त्यांचंही चुकत नाही. पण साडूभाऊ रत्नागिरीला नोकरीला असल्यानं मे महिन्यातली आमची फेरी ठरलेली. आमच्या जवळच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर गळ टाकून टाकून लागलेलं वेड तिथे खाडीवर जाऊन आणखी वाढलं. मागच्या वर्षी साडूभाऊंच्या ओळखीच्या दुकानातून ४००० साइझचं स्पिनिंग रीळ, म्हणजे काठीला लावून दोर सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, घेतलं. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘खाऱ्या पाण्यासाठी’. हे शब्द लक्षात ठेवा.

यंदाची मासेमारी झकास झाली, त्यावर फार लिहीत नाही. काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्याच्या खाडीवर चार संध्याकाळी गेलो, एक बऱ्यापैकी तांबोशी मिळाली आणि दोन मोठे मासे दोर तोडून गेले. ते का गेले ते पुढे सांगतो.

शेवटच्या संध्याकाळी रीळ धुतलं ते मीच, आणि चुकीचं धुतलं. साडूभाऊ बजावत होते, “आधी ड्रॅग घट्ट करा, मग पाणी मारा.” ड्रॅग म्हणजे मासा ओढ घेतो तेव्हा दोर किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक. मला गाडीची घाई. ड्रॅग सैल तसाच ठेवला, अंगणातल्या नळीला अंगठा लावून जोरात फवारा मारला आणि ओलं रीळ काठीच्या मुठीकडच्या तुकड्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी कोंबलं. एका वाक्यात तीन चुका आहेत. ड्रॅग सैल असला की पाणी स्पूलमधल्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या चक्रीतल्या, वॉशरपर्यंत जातं. जोराचा फवारा मीठ धुऊन काढत नाही, फटींमधून आत ढकलतो. आणि बंद पिशवीत आत गेलेलं वाळत नाही.

खरं तर काम चार मिनिटांचं आहे. ड्रॅगची चकती घट्ट आवळायची, झारीनं घालावं तसं गोडं पाणी वरून सोडायचं, हँडल फिरवत राहायचं, झटकून फडक्यानं पुसायचं आणि सावलीत उघडं वाळू द्यायचं. वाळल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करायचा, नाहीतर वॉशर महिनोन्महिने दाबलेले राहून चपटे होतात. बादलीत अख्खं रीळ बुडवायचं नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा मारा, कारण बोअरच्या क्षारांचेही पांढरे डाग बसतात आणि मग कोणता डाग समुद्राचा नि कोणता आपल्या आळीचा ते कळत नाही.

घरी आल्यावर दहाएक दिवसांनी पिशवी उघडली. हँडल फिरवलं तर जात्यासारखी घरघर. तारेच्या कमानीच्या टोकाला जी बारकी चकरी असते, जिच्यावरून दोर स्पूलवर येतो, तो लाइन रोलर ठार अडकलेला. रिळात सगळ्यात आधी हाच मरतो, कारण मिठाचा ओला दोर सतत त्याच्यावरूनच पळत असतो.

आता इथून ते वॉरंटी प्रकरण. अजून आठवलं की डोकं तापतं.

वॉरंटी दोन वर्षांची, रीळ एक वर्षाचं. मी म्हटलं, आपण कशाला खोलायचं, खोललं तर वॉरंटी जाईल. सर्व्हिस सेंटरचा ऑनलाइन फॉर्म काढला. पहिलाच रकाना सिरियल नंबरचा. तो असतो रिळाच्या पायावर, आणि पाय असतो काठीच्या बैठकीत आवळलेला. बैठकीची रिंग मिठानं जाम. ती सुटायला एक रात्र तेलात गेली. नंबरावर पांढरी बुरशीसारखी भुकटी, ती टूथब्रशनं घासली, फोटो काढला, फॉर्मला २०० केबीच्या आतला फोटो हवा म्हणून बारीक केला, तर उत्तर आलं, “नंबर स्पष्ट दिसत नाही.” दुसरा फोटो पाठवला, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी नंबरात खडू भरला, तेव्हा पसंत पडला.

मग बिल. माझं बिल हातानं लिहिलेलं, त्यावर दुकानाचा शिक्का नाही. शिक्क्याचं बिल लागेल म्हणे. साडूभाऊंना फोन केला. ते दुकानावर गेले तर कुलूप. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार गावी गेलेला. बिचारे साडूभाऊ पावसात दोनदा हेलपाटा घालून आले, शेवटी त्याच्या भावाला गाठून शिक्का मारून घेतला. त्या दिवशी मी त्यांच्याशी फोनवर जे बोललो त्याची लाज वाटते. चूक त्यांची कणभर नव्हती.

कुरिअरवाल्यानं वेगळाच घोळ घातला. पावतीवर मी ‘फिशिंग रीळ’ लिहिलं. काउंटरवरचा पोरगा वाचून म्हणाला, “मासे चालत नाहीत भाऊ कुरिअरमध्ये.” खोकं उघडून दाखवलं. त्यानं हुंगूनही पाहिलं, आणि खरं सांगतो, वास होताच. शेवटी ‘मशीन पार्ट’ लिहून ९ जूनला पार्सल गेलं.

त्यानंतर दर सोमवारी मी फोन लावायचो आणि दर सोमवारी तोच सूर, “आपकी कंप्लेंट प्रोसेस में है.” प्रोसेसमध्ये काय चाललंय विचारलं की होल्डवर टाकायचे. सहाव्या सोमवारी सकाळी निकाल आला. फॉर्ममध्ये ‘पाण्याचा प्रकार’ असा रकाना होता, गोडं की खारं. मी प्रामाणिकपणे ‘खारं’ निवडलं होतं. शेरा होता, “खाऱ्या पाण्यामुळे नुकसान. वॉरंटीत बसत नाही.” मी म्हटलं, मॅडम, खोक्यावर लिहिलंय खाऱ्या पाण्यासाठी. त्या शांतपणे म्हणाल्या, “हो सर, म्हणजे खाऱ्या पाण्यात वापरता येतं. वापरून खराब झालं तर तो वापर झाला.” यावर काय बोलणार? वर तपासणीचे ६०० रुपये आणि परतीचं कुरिअर माझ्याकडून.

२६ जुलैला रीळ परत आलं. सत्तेचाळीस दिवस. स्पूल उचलून पाहिला तर खाली भाट्याची वाळू जशीच्या तशी आणि काठावर त्या तांबोशीचा खवला चिकटलेला. साधा स्पूलसुद्धा कुणी काढून पाहिला नव्हता.

मला जे सांगायचंय ते हेच. फॉर्म, फोटो, शिक्का हे सगळं आपल्या गतीनं चालतं, आणि तेवढ्या वेळात मीठ त्याच्या गतीनं चालतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, ते आत राहतात. पावसाळ्यात आपली मिठाची बरणी पाझरते ना, तसंच रिळाच्या आतलं मीठ हवेतून ओल ओढत राहतं. ॲल्युमिनियमचं अंग, त्यात स्टीलचे स्क्रू आणि वरून ही खारी ओल, यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मी पाठवायच्या ऐवजी मे महिन्यातच खोललं असतं तर ब्रशनं निघालं असतं. जुलैअखेर दोन स्क्रू अंगातच रुजले होते. पाठवायचंच असेल तर किमान धुऊन, वाळवून, रोलरवर तेलाचा थेंब टाकून पाठवा. मी ‘जसं आहे तसं’ पाठवलं, का तर त्यांना दोष नीट दिसावा म्हणून!

आमच्या शेजारी लोको शेडमधून निवृत्त झालेले फिटर काका राहतात. मी ओट्यावर बसून स्क्रूशी झटापट करत होतो ते बघून आले आणि म्हणाले, “जोर नको लावू भो, त्याले भिजू दे.” जपानी बनावटीच्या रिळांचे फुलीचे स्क्रू दिसायला आपल्यासारखे असले तरी खाच वेगळी असते. साधा पेचकस त्यात घसरतो आणि खाच गोल करून टाकतो. माझ्या एकाची झालीच होती. काकांनी गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेवायला लावलं, सकाळी सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरलं आणि मग नीट बसणाऱ्या पेचकसानं आधी किंचित आवळून मग सोडवला. आधी आवळून! हे मला कधीच सुचलं नसतं. काही रिळांत रोटरचा, म्हणजे स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचा, नट उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा सुटत नाही म्हणून ताकद लावायच्या आधी आटे बघा.

सुट्या भागांसाठी आप्पेपात्र घ्या. काढले त्या क्रमानं एकेका खळग्यात एकेक भाग, आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. बायकोला आधी विचारा. मी नंतर सांगितलं.

गिअर आणि बॉडीतलं जुनं काळं ग्रीस रॉकेलनं धुतलं, मग मरीन ग्रीस दातांवर ब्रशनं पातळ लावलं. ठासून भरलं की हँडल जड होतं. बेअरिंगला ग्रीस नाही, तेलाचे एक-दोन थेंब. उलटं फिरणं थांबवणारा जो एकेरी रोलर क्लच असतो तो खोलू नका, त्यातल्या बारक्या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. त्यात ग्रीस गेलं तर तो घसरतो आणि मासा लागला असताना हँडल उलटं फिरतं. त्याला पातळ तेलाचा नुसता हात पुरे. कार्बनचे ड्रॅग वॉशर पुसून ड्रॅगचं खास ग्रीस बोटानं लावून चोळलं. डब्ल्यूडी-४० मारून काम झालं असं समजणाऱ्यांसाठी सांगतो, ते पाणी हटवायला बनलंय, नावातला डब्ल्यूडी त्यावरूनच आला. मारलं तर चांगलं ग्रीसही धुऊन नेतं.

लाइन रोलरची बेअरिंग मात्र गेली ती गेलीच. काकांच्या व्हर्नियरवर माप निघालं आत ४, बाहेर ७, जाडी अडीच मिलिमीटर. जळगावच्या बेअरिंगच्या दुकानात ६२०२ आणि ६०८ या नेहमीच्या नंबरांच्या बेअरिंग हव्या तेवढ्या. माझी चकती तळहातावर घेऊन मालक म्हणाला, “हे घड्याळाचं हाय का?” शेवटी एमआर ७४ झेडझेड या नंबरानं, स्टेनलेसची, ऑनलाइन मागवली. चार दिवसांत आली. सत्तेचाळीसशी तुलना करायची नाही असं ठरवलंय, पण चार दिवस!

आता दोराचं. त्या दोन माशांनी दोर तोडला कारण मी नुसता ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, लावून गेलो होतो. विणलेला ब्रेड तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा, म्हणजे साध्या नायलॉनपेक्षा, कितीतरी बारीक असतो, ताणत नाही, माशाचा टोचा थेट हाताला कळतो. पण खाडीतल्या दगडांवर कालवं असतात, त्यांची धार ब्रेडला सुरीसारखी लागते. म्हणून पुढे दोन-तीन हात फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, हवा. तो ब्रेडपेक्षा घासायला चिवट, आणि त्याचा प्रकाश वाकवण्याचा गुण साध्या नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ असल्यानं पाण्यात कमी उठून दिसतो. मी आता २० पौंडाचा, म्हणजे साधारण ९ किलोचा आठपदरी ब्रेड आणि ०.५० मिमीचा लीडर लावतो. चारपदरी स्वस्त आणि जरा खरबरीत, आठपदरी गोल आणि काठीवरच्या कड्यांमधून (गाइडमधून) आवाज न करता जातो. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळला तर तो अख्खाच्या अख्खा फिरत घसरतो, तळाशी थोडा नायलॉन आधी घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, दोनेक मिलिमीटर रिकामा ठेवा. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर.

ब्रेडच्या धाग्यांत मीठ धरून राहतं हे रीळ खोलल्यावर कळलं. वॉशर काढून घेतल्यावर नुसता स्पूल गोड्या पाण्यात रात्रभर ठेवता येतो. सकाळी ते पाणी मी जिभेला लावून पाहिलं. खारट.

हतनूरवर मात्र मी साधा ०.३५चा नायलॉनच लावतो. तिथे पाण्याखाली बाभळीची खोडं आहेत, ताणणारा दोर अडकला तरी झटक्यानं तुटत नाही, आणि तुटलाच तरी खिशाला बसत नाही. फक्त दर वर्षी बदलतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन नायलॉनला खातं, गच्चीवर किंवा गाडीत राहिलेला दोर नखानं ओढला तर खडूसारखा पांढरा पडतो. (धरणात गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा, पाणी ठेक्यानं दिलेलं असतं.)

एक राहिलंच. हँडलच्या मुठीतही पाणी जातं. टोकाची टोपी काढून आत तेलाचा थेंब सोडा. माझ्या मुठीत भाट्याचे चार-पाच वाळूचे कण निघाले, सर्व्हिस सेंटरची फेरी करून आलेले.