नवऱ्याचं की बायकोचं, टिक करा

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. लंचला माझ्या टीममधल्या मैत्रिणीने डबा बाजूला सारला, बॅगेतून एक मोठ्ठा घडी घातलेला गुलाबी कागद काढला आणि म्हणाली, साक्षीदार म्हणून सही करशील का. मला आधी वाटलं ऑफिसचं काहीतरी असेल. उलगडून बघते तर तिच्या लग्नाचा फॉर्म! गुलाबी का, तर लग्नाच्या मासिकासोबत फुकट मिळतो तसा. वॉर्ड ऑफिसचा साधा असतो तो तपकिरी रेघांचा, पण हाही चालतो.

टोकियोत येऊन मला बरीच वर्षं झाली तरी हे माहीत नव्हतं की इथे कायद्याच्या दृष्टीने लग्न म्हणजे फक्त हा कागद. दोन साक्षीदारांची नावं, पत्ते, जन्मतारखा, आणि तो वॉर्ड ऑफिसला नेऊन द्यायचा, रात्री बारालाही घेतात. वरात, हॉल, जेवणावळी करायच्या तर करा नाहीतर राहू द्या, सरकारला काही देणंघेणं नाही. मुहूर्त मात्र त्यांच्याकडेही आहे हां. २२ नोव्हेंबर. अकरा-बावीस हे आकडे जपानीत विशिष्ट पद्धतीने म्हटले की "ई फूफू" होतं, म्हणजे चांगलं जोडपं, त्यामुळे त्या दिवशी वॉर्ड ऑफिसांमध्ये हीऽऽ गर्दी. हिचाही तोच बेत होता.

मी फॉर्म वाचत होते (मराठी माणूस न वाचता सही करत नाही, निदान बाबांनी तरी असंच शिकवलंय) आणि चौथ्या रकान्यावर अडकले. तिथे दोन छोटे चौकोन आहेत. एकापुढे नवऱ्याचं आडनाव, दुसऱ्यापुढे बायकोचं आडनाव. दोन्हीतलं एक टिक करायचं. दोन्ही टिक करता येत नाहीत आणि कोरं ठेवलं तर फॉर्म घेतच नाहीत, म्हणजे लग्नच होत नाही.

जपानच्या दिवाणी कायद्याचं ७५० वं कलम आहे हे. दोन जपानी माणसांना लग्न करायचं असेल तर आडनाव एकच हवं. कायदा वाचला तर एकदम समसमान, कोणाचंही घ्या. प्रत्यक्षात शंभरातल्या ९५ जोडप्यांत बायकोच बदलते. माझ्यासारख्या परदेशी बायकांना किंवा परदेशी माणसाशी लग्न केलेल्या जपानी माणसाला ही सक्ती नाही, ती फक्त आपापसात लग्न करणाऱ्यांना. म्हणजे जपानी मुलीला स्वतःचं आडनाव ठेवून रीतसर लग्न करायचं असेल तर सोपा उपाय काय, तर नवरा परदेशातून आणा. हे मी तिला म्हटलं तर ती म्हणाली आता उशीर झाला.

हिचं आडनाव फार दुर्मिळ आहे. तिच्या गावाबाहेर कोणी ऐकलेलं नसतं, वाचतानाही लोक चुकतात. आणि नवरा कोण, तर सातो. आपल्याकडे जसे पाटील आणि जाधव तसे तिकडे सातो, सगळ्यात जास्त. तोहोकू विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांनी २०२४ मध्ये गणित मांडलं होतं की हा कायदा असाच राहिला तर २५३१ साली जपानात सगळ्यांचंच आडनाव सातो झालेलं असेल. हे अर्थात कायद्याकडे लक्ष वेधण्यासाठी केलेलं गणित, पण ऑफिसमध्ये आम्ही त्यावर आठवडाभर हसत होतो.

तिला विचारलं वाईट नाही वाटत का. तर म्हणाली, निदान आता शंभर येनच्या दुकानात माझा शिक्का मिळेल. इथे सहीऐवजी आडनावाचा छोटा शिक्का मारायची पद्धत आहे, हांको म्हणतात, आता बरीच कमी झालीये पण घरोघरी असतो अजून. शंभर येनच्या दुकानात त्यांचा गोल फिरणारा स्टँड असतो, हजारेक आडनावं लावलेली, आपलं शोधायचं आणि घ्यायचं. ही लहानपणापासून प्रत्येक दुकानात तो स्टँड फिरवून बघायची आणि तिचं कधीच नसायचं, वडील ऑर्डर देऊन बनवून घ्यायचे. हे सांगताना ती हसली खरी पण मग जरा वेळ चॉपस्टिकने नुसताच भात चाळत बसली.

आता यात गंमत काय आहे ते सांगते. इथले जुन्या वळणाचे राजकारणी म्हणतात ही आमची परंपरा, आडनावं वेगळी झाली तर कुटुंब मोडेल. म्हणून मी जरा खोदून वाचलं. तर सामान्य जपानी माणसाला आडनाव लावायची परवानगीच मुळात १८७० ची आणि सक्ती १८७५ ची. आणि १८७६ मध्ये सरकारने काय हुकूम काढला? की लग्नानंतरही बायकोने माहेरचंच आडनाव लावायचं! हो, उलटं! सगळ्या कुटुंबाचं आडनाव एक हे आलं १८९८ च्या दिवाणी कायद्यात, ज्यात घराचा एक प्रमुख आणि बाकी सगळे त्याच्या हाताखाली असा मामला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते प्रमुखबिमुख काढून टाकलं, नवऱ्याचं किंवा बायकोचं कुठलंही चालेल असं केलं, पण "एकच" हे राहिलं. म्हणजे परंपरा परंपरा म्हणतात तिचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं.

१९९६ मध्ये सरकारच्याच कायदा समितीने सांगितलं होतं की ज्यांना वेगळी ठेवायचीत त्यांना ठेवू द्या. ते तसंच पडून राहिलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, १५ न्यायाधीश, त्यातले १० म्हणाले कायदा घटनेला धरून आहे आणि ५ म्हणाले नाही. त्या १५ मध्ये बायका होत्या ३, आणि तिघीही त्या पाचात. २०२१ मध्ये परत तेच. आता तर उद्योगपतींची सगळ्यात मोठी संघटना केइदानरेन पण बदला म्हणतेय, कारण बायका ऑफिसात जुन्या आडनावाने वावरतात आणि पासपोर्टवर नवीन, मग परदेशात हॉटेलवाला नि सिक्युरिटीवाला अडवतो. कोर्टाला जे पटलं नाही ते धंद्याला पटलं, चालायचंच.

आणि ते उरलेले ५ टक्के नवरे? त्यातलं एक नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, किंबहुना त्याच्या गाडीतून फिरलोय. मारुती सुझुकीमधल्या जपानी सुझुकी कंपनीचे ओसामू सुझुकी. मूळचे मात्सुदा. कंपनीच्या संस्थापकांच्या नातीशी लग्न केलं, सासरचं आडनाव घेतलं, १९७८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढे कित्येक दशकं कंपनी त्यांनीच चालवली. २०२४ च्या डिसेंबरात गेले, आपल्या सरकारने नंतर पद्मविभूषणही दिलं. अशा जावयाला दत्तक घ्यायची इथे जुनी रीत आहे, मुकोयोशी म्हणतात. घरात धंदा सांभाळेल असा मुलगा नसेल तर चांगला जावई बघायचा आणि त्यालाच मुलगा करून घ्यायचा. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंडावर हात ठेवून हसतात, "सासऱ्याच्या घरी राहतो" हे शिवीसारखं म्हणतात, आणि त्याच समाजातले आपण लोन काढून घरजावयाची मारुती ८०० घेत होतो.

पण थांबा, मला जपानला नावं ठेवायची नाहीयेत. (नावं ठेवणं, बघा, मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका अनुस्वाराचाच फरक.) कारण घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सगळं तावातावाने सांगत होते आणि तो शांतपणे म्हणाला, अगं पण तुझ्या आजीचं नाव काय होतं?

आणि मला पटकन सांगता येईना. म्हणजे सासरचं नाव माहीत होतं, आयुष्यभर तेच ऐकलं. माहेरचं नाव नाही आठवलं. आईला फोन केला, भारतात तेव्हा दुपारचे चार, आई म्हणाली आज काय हे मधेच, आणि मग सांगितलं. आजीचं नुसतं आडनावच नाही, नावही लग्नात बदललं होतं. का, तर तिच्या मोठ्या जावेचं नाव तेच होतं, एका घरात दोघी एका नावाच्या कशा. मग ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, साखर वाटली, झालं. तेव्हा आजी पंधरा-सोळा वर्षांची होती. तिला जुन्या नावाने हाक मारणारा एकच माणूस उरला होता, तिचा धाकटा भाऊ, तो दिवाळीला यायचा आणि दारातूनच हाक मारायचा. आई म्हणाली त्या हाकेला आजी ज्या आवाजात "आले रे" म्हणायची तो आवाज एरवी कधीच यायचा नाही. मामा गेले त्यानंतर ते नाव संपलंच.

आता बोला. जपानला आडनाव बदलायला लावायला कायदा करावा लागला, कोर्टात पंधरा न्यायाधीश बसवावे लागले. आपल्याकडे असा कायदा नव्हता आणि आजही नाही, कोणी टिक करा म्हणत नाही, आणि आपण नुसत्या तांदळाच्या ताटावर आख्खं नाव बदललं, नवऱ्याचं नाव मधे घातलं, आडनाव बदललं, वर सौ. लावलं. आईच्या वेळेला नाव वाचलं पण बाकी सगळं बदललं. शब्दांचंही तेच बघा ना, जपानी बायका नवऱ्याला शुजिन म्हणतात, म्हणजे मालक, आणि पुरुष बायकोला कानाई म्हणतात, म्हणजे घराच्या आतली. मी हे पहिल्यांदा भाषेच्या क्लासला ऐकलं तेव्हा वर्गातली एक फ्रेंच मुलगी हादरली होती, मी मात्र अजिबात नाही, आमच्या गावाकडे आत्या आजही "आमचं मालक शेतावर गेल्यात" म्हणते आणि आजोबा आजीला लोकांसमोर "आमचं कुटुंब" म्हणायचे. चीन-कोरियात बायका माहेरचं आडनाव ठेवतात हे ऐकून मी एकदा कोरियन कलिगला म्हटलं वा किती पुढारलेलं, तर ती म्हणाली कसलं पुढारलेलं, सून ही बाहेरचीच म्हणून तिला आमचं आडनाव मिळत नसे, पोरं मात्र बापाच्या आडनावाची.

मी स्वतः काहीच बदललं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, नको बदलू, पण हळदीकुंकवाच्या बोलावण्यात मी आपलं आडनाव लिहिणार हो." ठीक, लिहा आई. पण न बदलण्याचा माझा ताठा इथे आल्यावर एका दवाखान्यात उतरला. माझ्या पासपोर्टवर नावापुढे बाबांचं नाव आहे, जसं आपल्याकडे असतं, त्यामुळे इथल्या कार्डावर क्रम येतो आडनाव, मग मी, मग बाबा. रिसेप्शनवरच्या मुलीने शेवटचा शब्द उचलला आणि भर वेटिंग रूममध्ये माझ्या बाबांच्या नावाला इथलं आदरार्थी "सामा" लावून पुकारा केला. मी इकडेतिकडे बघतेय. तिसऱ्या हाकेला कळलं की मलाच बोलावतायत. म्हणजे नवऱ्याचं नाव नाही लावलं, पण पुरुषाचं नाव काही सुटलं नाही.

आमच्या घराचा रहिवासी दाखला वाचायला मात्र मला फार आवडतो. नोकरी माझी होती, आधी मी आले, नवरा नंतर डिपेंडंट व्हिसावर आला, त्यात आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही. त्यामुळे दाखल्यावर कुटुंबप्रमुख मी, आणि त्याच्या ओळीत नुसतं "नवरा". सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर भाषांतर करून घेतलं आणि दोन मिनिटं गप्प बसले. मग सासूबाई मागून म्हणाल्या, त्यात काय, आपल्या रेशनकार्डावर पण मीच प्रमुख आहे. आणि खरंच आहे, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई प्रमुख. गेली कित्येक वर्षं त्या प्रमुख होत्या आणि सासऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण रेशन आणायला त्याच जातात.

तिकडे नाशकात भावाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव मग वडिलांचं मग आडनाव असा नियम झालाय, त्यामुळे माझ्या भाचीचं नाव चार डब्यांच्या रेल्वेसारखं झालंय. बाबा म्हणतात दहावीच्या पेपरात नाव लिहितालिहिताच पोरीचा अर्धा तास जाणार. वहिनी काही बोलली नाही, पण जन्मदाखल्याचा फोटो तिने स्टेटसला ठेवला होता, तोही दोन दिवस, रिन्यू करून. लग्न झालेल्या बाईच्या नावात मात्र मधे नवऱ्याचंच नाव राहणार, तिथे कोणी हात लावलेला नाही.

तर तो फॉर्म. मैत्रिणीने टिक आधीच केली होती, नवऱ्याच्या चौकोनात, पेनाने, अगदी बारीक. मी साक्षीदाराच्या रकान्यात नाव लिहायला लागले. तो रकाना जपानी नावांच्या हिशोबाने केलेला, चार-पाच अक्षरांत सगळं आटपणारा. माझं आडनाव लिहिलं, नाव लिहिलं, बाबांचं लिहितालिहिता जागा संपली आणि शेवटची अक्षरं रेघेवर चढली. तिने वाकून बघितलं, बोटाने एकेक शब्द मोजला आणि विचारलं, एवढ्यात तू कुठली?

मी मधल्या शब्दावर बोट ठेवलं.